अप्पा मोजणीदारांनी पाहिलेलं जनावर

वैशाखऱ्याला तलाठी म्हणून हजर झालो त्या दिवशी मी अप्पा मोजणीदारांना पहिला प्रश्न विचारला तो ओढा किती लांब आहे हा. त्यांच्या घराच्या दोन खोल्या मला राहायला मिळाल्या होत्या आणि प्रवासाच्या धुळीने अंग खाजत होतं.

"दोनशे चौदा पावलं," अप्पा म्हणाले. मग त्यांनी माझ्या पायांकडे नीट पाहिलं. "माझी. तुमची जास्त होतील. मोजून सांगा."

मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. अंघोळ करून परतलो तर अप्पा दारातच उभे. "किती झाली?"

मोजली कुणी होती? त्यांना बरं वाटावं म्हणून मी ठोकून दिलं, "दोनशे तीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली घेऊन निघालो, तर मागून कुणीतरी पुटपुटत येत असल्याचा भास झाला. वळून पाहिलं. अप्पा माझी पावलं मोजत येत होते. ओढ्याशी पोचल्यावर म्हणाले, "दोनशे बावीस. मोजताना चुकतं माणसाचं." बस्स, एवढंच. खोटं बोललात असं नाही म्हणाले. पण त्यानंतर मी त्यांच्या शेजारी चार वर्षं काढली आणि चार वर्षांत त्यांच्याशी एकदाही खोटं बोलायची माझी छाती झाली नाही.

अप्पांनी मोजणी खात्यात नोकरी केली होती. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांची रानं त्यांनी साखळी ओढत पायाखाली घातली होती. मूळ घर भिवंडीकडचं. पण निवृत्त झाल्यावर ते वैशाखऱ्यालाच राहिले. का, असं विचारलं तर म्हणायचे, "इथल्या हद्दी मी स्वतः घातल्यात. निदान माझ्या शेजाऱ्याशी भांडण व्हायचं नाही." उंच, काटकुळा माणूस. काळी टोपी. हातात छत्री, आणि त्या छत्रीच्या दांड्यावर इंचाइंचाला चाकूने पाडलेल्या खाचा. 'अंदाजे' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. ठाऊक असेल तर ते नेमकं सांगत, नसेल तर "सांगता येत नाही" म्हणत. या दोहोंच्या मध्ये बाकीचे आपण सगळे जिथे राहतो, तिथे अप्पांचं येणंजाणं नव्हतं.

याचा गावाला त्रास पुष्कळ व्हायचा. गावातले एक म्हातारबाबा वारले तेव्हा दहाव्याला जमलेली मंडळी म्हणत होती, "शंभरी गाठली हो, सोनं झालं." अप्पा हात जोडून बसले होते ते म्हणाले, "ब्याऐंशी." मयताच्या मुलाने वर पाहिलं. अप्पांनी त्याला समजावलं, "पहिल्या मोजणीच्या वेळी त्यांनी मला स्वतः वय सांगितलं होतं. कागद आहे." एकदा पलीकडच्या गावचे पाहुणे मुलीसाठी स्थळ बघायला आले. मुलगा कसा आहे, असं त्यांनी गावातला सज्जन माणूस म्हणून अप्पांना विचारलं. अप्पा म्हणाले, "चांगला आहे. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आहे." त्याआधी तो खांदा कुणाच्या लक्षातही आला नव्हता. त्या दिवसापासून त्या बिचाऱ्याला सगळं गाव खांद्यावरूनच ओळखू लागलं. लग्न झालं, पण हळद लावतानासुद्धा बायका आधी खांदे बघत होत्या.

अप्पांच्या पत्नी जानकीकाकू हे सगळं हसत सोसत. गोल चेहऱ्याची, मोठ्याने बोलणारी बाई. मला एकदा चहा देता देता म्हणाल्या, "लग्नाच्या दिवशी मी यांना विचारलं, मी आवडले का? तर म्हणतात, अजून नीट पाहिलं नाही. चार दिवसांनी सांगतो."

"मग?"

"चौथ्या दिवशी सकाळी चुलीपाशी आले नि म्हणाले, हो." काकू पदर तोंडाला लावून हसल्या. "मी पार विसरून गेले होते हो! म्हटलं, काय हो?"

त्रास होता तसा उपयोगही होता. बांधाचा तंटा असो, पाटाच्या पाण्याचा असो, "अप्पा सांगतील ते" म्हटलं की दोन्ही बाजू गप्प होत. मुरबाडच्या कचेरीतही त्यांच्या शब्दाला मान होता. या शब्दापलीकडे त्यांच्याजवळ फारसं काही नव्हतंही.

लढाई सुरू व्हायच्या आधीच्या वर्षी, शिमग्याला आठ-दहा दिवस असताना, एका दुपारी अप्पा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. टोपी डोक्यावर नव्हती. अप्पांना बोडक्या डोक्याने मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"तलाठीबुवा, मला तुमच्या भिंतीवरची तारीख वाचून दाखवायची आहे."

भिंतीवर दिनदर्शिका होती. अप्पांनी दारातूनच तारीख, वार, तिथी आणि खालची बारीक अक्षरातली छापखान्याची ओळसुद्धा बरोबर वाचली.

"म्हणजे डोळे ठीक आहेत," ते म्हणाले आणि निघून गेले.

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर नेहमीची चारपाच माणसं जमली तेव्हा त्यांनी ते सांगितलं. दुपारी ते परसात पेंढ्याच्या उडवीपाशी उभे होते. कुडाखालून एक जनावर आत आलं. सशापेक्षा थोडं मोठं. अंग हरणाचं, पण पाठीमागून उंच. पाय बोरूच्या लेखणीएवढे बारीक आणि त्यांना खूर. अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा. शिंगं नाहीत. आणि वरच्या ओठातून दोन बारीक सुळे खाली आलेले. ते अप्पांकडे बघत उभं राहिलं, मागच्या पायांनी जमीन आपटली आणि गेलं.

अप्पांनी असं काही सांगावं याची कुणाला सवय नव्हती.

"ससा असंल," एकजण जपून म्हणाला.

"सशाला खूर नसतात."

"मंग भेकराचं पिल्लू."

"पिल्लाला सुळे नसतात."

"सुळं डुकराला असत्यात," गोमा म्हणाला. गोमा हा ओढ्याकाठचा कुणबी, जमीन चांगली, जीभ त्याहून चांगली. "म्हंजे तोंड डुकराचं, आंग हरणाचं नि आकार सशाचा. अप्पा, शेपूट कुणाची व्हती? मोराची?"

ओटा फुटला. इतक्या वर्षांत अप्पांना कुणी हसलं नव्हतं, म्हणून सगळं साठलेलं हसू त्या दिवशी बाहेर आलं. ज्याच्या बापाची अठरा वर्षं अप्पांनी कापली होती तो तर ओट्यावरून खाली उतरून हसला. अप्पा मात्र गोमाच्या प्रश्नाचा विचार करत होते. शेवटी म्हणाले, "शेपूट आखूड होती. खालून पांढरी."

गावाने त्या जनावराचं नाव ठेवलं 'ससहरणडुक्कर'. पोरं अप्पांना वाटेत गाठून विचारू लागली, "आज काय दिसलं?" बाया पाणवठ्यावर विचारू लागल्या, "काकू, परसात काय काय हाय गो तुमच्या?" काकू वरून तडकून उत्तर देत आणि घरात आल्यावर गप्प बसत. एकदा हलक्या आवाजात मला म्हणाल्या, "डोक्यावर ऊन तर नाही ना लागलं त्यांना?" अप्पांनी ते ऐकलं असावं. त्यानंतर ते परसात जाताना टोपीवर ओला पंचा ठेवू लागले, आणि त्याने ते जास्तच वेडे दिसू लागले.

हे हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच सुमारास गोमाने चांगुणाची वाट बंद केली.

चांगुणा विधवा बाई होती. तिचं भाताचं खाचर गोमाच्या जमिनीपलीकडे होतं आणि तिथे गाडी जायला अप्पांच्या परसामागून गोमाच्या बांधाच्या कडेने एकच वाट होती. त्या वाटेवर गोमाने करवंदीच्या काट्यांची वई घातली. वई म्हणजे कुंपण. कुणी विचारलं तर छातीवर हात ठेवून सांगू लागला की ही वई माझ्या बापाच्या वेळेपासूनची आहे, मी फक्त काट्या बदलल्या. पावसाआधी शेतात शेणखत गेलं नाही तर चांगुणाचं वर्ष बुडणार होतं. तिने मुरबाडला मामलेदारांकडे दावा लावला. गोमाच्या जिभेपुढे गावातलं दुसरं कुणी उभं राहीना. साक्षीदार एकच, अप्पा. ती वाट त्यांनी मोजलेली होती.

गोमाने कल्याणहून वकील आणला. वकिलाने गावात येऊन चौकशी केली, आणि जाताना तो फार खुशीत दिसला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी चांगुणा अप्पांच्या ओट्यावर आली. मी तिथेच दप्तर बांधत होतो. ती खाली बसली, वर बघेना.

"अप्पा, तो वकील तुमाला त्या जनावराचं इचारनार."

"विचारू दे."

"तुमी म्हना, दिसलं नाय. ऊन व्हतं, भास झाला म्हना. येवढंच म्हना. लोकं हसायची बंद व्हतील नि तुमचा शबुद ऱ्हाईल."

काकू दारात येऊन उभ्या होत्या. त्याही म्हणाल्या, "म्हणा हो. कुणाचं वाईट होतंय त्यात?"

मी अप्पांना चिडलेलं पाहिलं होतं, पण असं केविलवाणं झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

"चांगुणा," ते म्हणाले, "ज्या डोळ्यांनी मी तुझी वाट पाहिली, त्याच डोळ्यांनी ते जनावर पाहिलं. ते दिसलं नाही म्हटलं, तर वाट तरी दिसली असं कुठल्या तोंडाने सांगू?"

"मंग माजं शेत जाऊ द्या त्या जनावराच्या मागं!" चांगुणा ताडकन उठली आणि निघून गेली. काकू आत गेल्या आणि भांडी जरा जास्तच वाजली. अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

मुरबाडच्या कचेरीत मी वहिवाटीचे कागद घेऊन हजर होतो, पण त्यांत या वाटेची नोंद नव्हती. अप्पांनी साक्ष नेहमीसारखी दिली. वाट कुठून निघते, कुठे वळते, रुंदी साडेसात फूट. मग वकील उठला.

"आपण परसात एक प्राणी पाहिलात म्हणे?"

"हो."

"ससा होता?"

"नाही."

"हरीण?"

"सांगता येत नाही. शिंगं नव्हती."

"सुळे होते?"

"दोन."

कचेरीत खसखस पिकली. वकिलाने ठिपके विचारले, अप्पांनी सांगितले. पाय किती जाड, विचारलं. अप्पांनी समोरच्या कारकुनाच्या हातातल्या टाकाकडे बोट दाखवलं. दारातला पट्टेवाला हसू दाबायला बाहेर गेला. चांगुणा डोक्यावरचा पदर इतका पुढे ओढून बसली होती की तिचं नाकही दिसत नव्हतं. वकील मामलेदारांकडे वळून म्हणाला, "रावसाहेब, ज्या साक्षीदाराला भरदुपारी असली जनावरं दिसतात, त्याला दुसऱ्याच्या शेतातून वाटही दिसायचीच." आणि तो समाधानाने खाली बसला.

मामलेदारांनी अप्पांकडे पाहिलं. त्यांनाही वाईट वाटलं असावं. "तुम्हाला नक्की आठवतं? भास झाला नसेल?"

"नाही, रावसाहेब," अप्पा म्हणाले. "भास झाला असता तर ठिपके मोजता आले नसते."

मग गोमाच्या बाजूचा साक्षीदार आला. बुधाजी नावाचा ठाकर, वरच्या वाडीतला. वई त्यानेच घातली होती. वई जुनीच होती, आपण काट्या तेवढ्या बदलल्या, असं त्याने सांगायचं ठरलं होतं. पण बुधाजी उभा राहिला तो वकिलाकडे न बघता अप्पांकडेच बघत राहिला. इतका वेळ तो दाराशी बसून सगळं ऐकत होता आणि त्याला राहवत नव्हतं.

"वईबद्दल काय ते सांग," वकील म्हणाला.

"सांगताव. पन त्या म्हाताऱ्याला हसताव कशाला? ती पिसोरी."

"काय?" मामलेदार पुढे झुकले.

"पिसोरी, सायब. आमच्या रानान हाय. लय लाजरी. येवढुशी ऱ्हाते, शिंगा नाय, नराला सुळं. मानसाची चाहूल लागली का पाय आपटते. समद्यांना नाय दिसत. म्हातारा बरोबर सांगतो."

"ते असू दे," वकील घाईघाईने म्हणाला. "वईचं सांग."

"त्येच सांगताव ना! गोमादादाच्या वईला मी करवंदीची जाळी तोडीत व्हतो. तिच्यातून ही पिसोरी निघाली नि म्हाताऱ्याच्या परसात घुसली. माज्या डोल्यांदेखत. मी मागं धावलो पन म्हातारा उभा व्हता."

मामलेदारांनी चष्मा काढून पुसला. "बुधाजी, त्या दिवशी तिथे जुनी वई होती का?"

"नाय सायब. वई आसती तर पिसोरी निघाली कुठून आसती? गाडीची वाट मोकली व्हती, तिथून तर ती धावली."

"हे कधीचं?"

"शिमग्याच्या आधी. दादानी मला सांगितलेला का जुनी हाय म्हन. पन पिसोरीचा खोटा कसा सांगू?"

गोमा वकिलाकडे बघत होता आणि वकील छताकडे. निकालाला फार वेळ लागला नाही. वई काढून वाट मोकळी करायचा हुकूम झाला. चांगुणाचा पदर मागे गेला. तिने अप्पांच्या पायावर डोकं ठेवलं आणि उठून, तो नात्यागोत्याचा नसताना, बुधाजीच्याही पायावर ठेवलं. तो घाबरून दोन पावलं मागे सरला.

आता घरी जायचं, तर अप्पा मामलेदारांपुढे पुन्हा हात जोडून उभे.

"रावसाहेब, जबानीत एक दुरुस्ती आहे."

चांगुणाने माझा दंड धरला. "तलाठीभाऊ, त्यांना गप करा हो!"

"मी ठिपक्यांच्या रांगा सांगितल्या," अप्पा म्हणाले, "पण ते जनावर माझ्याकडे डावी बाजू करून उभं होतं. उजव्या बाजूचं मला माहीत नाही. तसं लिहून घ्यावं."

मामलेदारांनी ते खरंच लिहून घेतलं.

गावात परत आल्यावर कळलं की ओट्यावर रोज बसणाऱ्या एका म्हाताऱ्यालाही पिसोरी ठाऊक होती. तो रात्रंदिन रानात गुरं चारून म्हातारा झालेला. मी चिडून विचारलं, "मग त्या दिवशी बोलला का नाहीस?" तो बोळकं पसरून हसला. "अप्पाला हसायची येल पुन्ना कवा येनार व्हती रे?"

अप्पा बदलले ते त्यानंतर. आठवड्यातून दोनदा ते चढण चढून ठाकरवाडीत जाऊ लागले. बुधाजीला रान ठाऊक होतं, अप्पांना माप. बुधाजी सांगायचा, ढोलीतलं उदमांजर इथून हाकेवर राहतं. अप्पा विचारायचे, हाकेवर म्हणजे किती? शेवटी एके दिवशी अप्पांनी मोजणीची जुनी साखळी काढली, बुधाजीला टेकाडावर उभं करून हाक मारायला लावली आणि ऐकू येईल तिथपर्यंत मला चालत नेलं. बुधाजीची हाक तेवीस साखळ्या भरली. मग बुधाजी म्हणाला, आता तुमची. अप्पांची हाक चार साखळ्यांतच संपली. "माझी हाक धरू नका," अप्पांनी मला सांगितलं, "मला सवय नाही."

आणि ते लोकांवर विश्वास ठेवू लागले. हे तर फारच अवघड झालं. कुणी येऊन सांगावं की माळशेजच्या वाटेवर दोन तोंडांचा साप पाहिला, की अप्पा हसायचे नाहीत, खोडायचे नाहीत. "कुठल्या बाजूने पाहिलात?" एवढंच विचारायचे. थापा मारणाऱ्यांचा त्यात काही रस उरला नाही. दोन-तीन जणांनी तर थापा मारणंच सोडून दिलं.

पिसोरी पुन्हा दिसावी म्हणून अप्पा रोज दुपारी उडवीपाशी जाऊन उभे राहत. ओला पंचा आता नव्हता. त्यांना ती पुन्हा दिसली नाही. दिसली ती काकूंना. अप्पा एकदा टोकावड्याला गेले होते, काकू परसात मिरच्या वाळत घालत होत्या, आणि ती तिथे उभी. अप्पा परतल्यावर काकूंनी सांगितलं. मी ओट्यावर होतो. अप्पा धावत आतून वही घेऊन आले.

"कुठली बाजू? उजवी?"

"बाजू नाही बघितली मी."

"रांगा किती?"

"मोजल्या नाहीत हो."

"मग काय पाहिलंस?"

काकूंनी थोडा विचार केला. "छान होती," त्या म्हणाल्या. "नाक ओलं होतं. मिरच्यांनी शिंकली आणि पळाली."

अप्पा काकूंकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणणार, ही काय नोंद झाली? पण ते खाली बसले, टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं. मी वाकून पाहिलं. 'छान होती. शिंकली.' खाली तारीख आणि काकूंचं नाव.

लढाईच्या तिसऱ्या वर्षी माझी बदली शहापूरकडे, डोळखांबला झाली. तेव्हा पेट्रोल मिळत नसे, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत, आणि चढ आला की उतारू खाली उतरून ढकलत. निघायच्या दिवशी सकाळी काकूंनी दही हातावर घातलं. अप्पा म्हणाले, "मी वळणावर येतो, तिथे निरोप घेऊ. बुधाजीही येतोय."

मोटार वळणावर आली तर दोघे रस्त्याच्या मधोमध ओणवे होऊन धुळीतला कसलासा माग बघत होते. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. अप्पांनी मान वर न करता हात वर केला. निरोपाचा नव्हे, थांबा म्हणून. बुधाजीने दुसऱ्या हाताने मोटारीला कडेने जायची खूण केली. ड्रायव्हर शिव्या देत दोन चाकं रस्त्याखाली घालून वळला, आम्ही सगळे उतारू एका अंगाला कलंडलो, कुणाची तरी कोंबडी माझ्या मांडीवर आली. तिला सावरत मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडलो, "अप्पा, येतो हो!"

त्यांनी ऐकलं नाही. ते आता धुळीत पोटावर झोपले होते, स्वच्छ धोतरानिशी, आणि बुधाजी त्यांच्या शेजारी उकिडवा बसून कानाशी काहीतरी सांगत होता. मोटारीची धूळ उडाली तशी बुधाजीने घोंगडी पसरून त्या जागेवर धरली, आणि दोघांचीही डोकी घोंगडीखाली गेली.